एका जगात अनेक कॅम्पेन: काळ, अंतर आणि बातमी यांचा हिशेब

प्रश्न टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांचा आहे: त्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो, गेम मास्टर जग रचतो आणि पंचाचे काम करतो, आणि एका गटाचा अनेक बैठकांत, म्हणजे सेशनांत, चालणारा सलग खेळ म्हणजे कॅम्पेन. थोडक्यात तो असा आहे. एकाच गेम मास्टरच्या जगात सध्या दोन गट स्वतंत्रपणे खेळत आहेत आणि तिसऱ्याची जुळवाजुळव सुरू आहे. जगाच्या कालगणनेत पहिला गट दुसऱ्याच्या जवळजवळ महिनाभर पुढे निघून गेला आहे. एका गटाने केलेल्या गोष्टींचे पडसाद दुसऱ्याच्या खेळात उमटावेत अशी मनापासून इच्छा आहे, पण त्यातून विसंगती निर्माण होतील आणि नोंदी ठेवता ठेवता खेळाची मजाच जाईल, अशी धास्तीही आहे. हे सारे निभवायचे कसे?

माझे मत आधीच सांगून टाकतो. जोडलेल्या कॅम्पेन कथानकाने जोडू नयेत. त्या एका सामाईक दिनदर्शिकेने आणि एका गटाकडून दुसऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या परिणामांनी जोडाव्यात. बहुतेक जण सुरुवातीला एक भव्य आराखडा करतात: तीन गट एका भंगलेल्या राजमुद्रेचे तीन तुकडे शोधतील आणि अखेरीस राजधानीच्या वेशीवर एकमेकांना भेटतील. कागदावर हे फार देखणे दिसते. प्रत्यक्षात एक गट आपला तुकडा पहिल्याच सराफाला विकून मोकळा होतो, दुसरा त्या दिशेला फिरकतच नाही आणि तिसऱ्यातल्या दोघांना परीक्षेमुळे खेळ सोडावा लागतो. तिन्ही गट यशस्वी झाले तरच पुढे सरकणारी गोष्ट एका गटाच्या अपयशाने तिन्ही कॅम्पेन अडवून ठेवते. याउलट, पहिल्या गटाने एखादा पूल जाळला आणि त्यामुळे दुसऱ्या गटाच्या बंदरात लोखंड महाग झाले, तर त्यासाठी कोणाचेही यश गृहीत धरावे लागत नाही.

ही पद्धत या खेळाच्या जन्माइतकीच जुनी आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या नियमांत एका कॅम्पेनसाठी चार ते पन्नास खेळाडू आणि साधारण वीस खेळाडूंमागे एक पंच असे प्रमाण दिले होते. पन्नास माणसे एकाच वेळी एका टेबलाभोवती बसणार नव्हती हे उघड आहे; वेगवेगळ्या तुकड्या वेगवेगळ्या वेळी त्याच जगात उतरणार, हे त्या प्रमाणातच गृहीत होते. मग आधी कोण पोहोचले, कोणते दालन कोणी रिकामे केले आणि जखमी पात्रे बरी होईपर्यंत बाकीच्या जगात काय घडले, हे ठरवायला कालगणनेवाचून दुसरा आधार नव्हता. म्हणूनच 1979 साली निघालेल्या डंजन मास्टरांसाठीच्या, म्हणजे या खेळातल्या गेम मास्टरांसाठीच्या, मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्स यांनी काळाच्या काटेकोर नोंदींवाचून कॅम्पेनला अर्थ उरत नाही असे बजावले आणि ते वाक्य सबंध कॅपिटल अक्षरांत छापले. एकाच गटाची कॅम्पेन चालवणाऱ्याला हा आग्रह कर्मठपणाचा वाटेल, आणि त्याच्यापुरता तो तसा आहेही. दुसरा गट आला की मात्र त्यातला एक शब्दही जास्तीचा वाटत नाही.

त्याच काळातला एक सोपा उपाय म्हणजे दोन सेशनांच्या मध्ये खऱ्या जगात जितके दिवस जातील तितकेच खेळातल्या जगातही गेले असे धरणे. या नियमाचा मोठा फायदा असा की सर्व गट आपोआप एका तारखेवर येतात. त्याची अटही तितकीच कडक आहे: प्रत्येक सेशन सुरक्षित ठिकाणी संपले पाहिजे, कारण भुयाराच्या मध्यावर राक्षसासमोर उभ्या असलेल्या पात्रांना पंधरा दिवस तसेच ताटकळत ठेवता येत नाही. बेन रॉबिन्स यांनी 2007 साली ‘वेस्ट मार्चेस’ या आपल्या कॅम्पेनचे वर्णन लिहिले. तिच्यात खेळाडू स्वतःच मोहीम ठरवत, आपापसांत तारीख जुळवत आणि सेशनअखेर गावात परतत. अशी मोकळी बैठक ज्यांना मानवते त्यांना काळाचा प्रश्न फारसा छळत नाही. मात्र तुमच्या दोन्ही गटांत लांबलचक प्रवास आणि अर्ध्यावर थांबणारी सेशने आहेत असे प्रश्नावरून दिसते, त्यामुळे हा नियम तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही. तुम्हाला हिशेबच करावा लागेल, आणि तो वाटतो तितका किचकट नाही.

पहिली गोष्ट, जगाची दिनदर्शिका साधी ठेवा. तेरा महिने, नऊ दिवसांचा आठवडा आणि दोन चंद्रांच्या कला असली रचना करण्याचा मोह आवरावा. खेळाडूंना ती लक्षात राहत नाही आणि तुम्हाला वजाबाकी जमत नाही. बारा महिने, प्रत्येकी तीस दिवस, एवढे पुरते. खेळाडूंसमोर महिन्यांना हवी ती नावे द्या, पण स्वतःच्या वहीत सलग दिवसक्रमांक लिहा: दिवस 1, दिवस 2, असे.

दुसरी गोष्ट, सर्व गटांसाठी नोंदवही एकच असावी. प्रत्येक गटाची वेगळी वही ठेवली की त्या ताडून पाहण्याचे काम कायमचे मागे लागते. नोंदीत चार बाबी पुरेशा आहेत: दिवस, गट व ठिकाण, काय घडले, आणि ते कोणी पाहिले. मी यात पाचवी बाब जोडतो आणि खरी किमया तिचीच आहे: ही बातमी दुसऱ्या गटाच्या मुक्कामी कोणत्या दिवशी पोहोचेल.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पहिला गट डोंगरातल्या ताम्रगडाला आहे, दुसरा समुद्रकाठच्या सातदिवे बंदरात. दोन्हींमध्ये 240 मैलांचे अंतर आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 सालच्या नियमांनुसार सामान्य गतीने चालणारा प्रवासी दिवसाला 24 मैल कापतो, म्हणजे पायी जाणाऱ्या वाटसरूबरोबर बातमी दहा दिवसांत पोहोचते. पहिला गट सध्या दिवस 60 वर आहे, दुसरा दिवस 35 वर. दिवस 60 ला पहिल्या गटाने टोलनाक्यालगतचा पूल जाळला. वहीतली नोंद अशी होईल: ‘दिवस 60. पहिला गट, ताम्रगड. पूल जाळला. नाकेदार आणि दोन गाडीवाले यांनी पाहिले. सातदिवेत बातमी: दिवस 70.’ दुसरा गट दिवस 70 ला पोहोचेपर्यंत तुम्हाला या घटनेचे काहीही करायचे नाही. ती आपल्या जागी वाट पाहत राहते.

इथे लक्षात घ्यावे की पुढे गेलेल्या गटापासून धोका जवळजवळ नसतोच. धोका असतो तो मागे राहिलेल्या गटापासून. समजा, दुसऱ्या गटाने दिवस 36 ला बंदरावरची धान्याची कोठारे पेटवून दिली. बातमी दिवस 46 ला ताम्रगडात पोहोचायला हवी होती, पण ताम्रगडातले दिवस 46 ते 60 तर पहिल्या गटाने आधीच खेळून झाले आहेत आणि त्या पंधरा दिवसांत कोठारांचा अवाक्षरानेही उल्लेख झालेला नाही. विसंगती नेमकी इथून शिरते. यातून एक सरळ नियम निघतो: दोन गटांच्या तारखांमधला फरक त्यांच्यामधल्या बातमीच्या प्रवासाइतका किंवा त्याहून कमी असेल, तर विसंगती निर्माण होऊच शकत नाही. तुमच्या बाबतीत फरक महिनाभराचा आहे. उदाहरणातले आकडे घेतले तर फरक 25 दिवसांचा, बातमीचा प्रवास 10 दिवसांचा, म्हणजे मागच्या गटाला किमान 15 दिवस पुढे आणायला हवे.

ते आणायचे कसे, याची साधने खेळातच आहेत. जहाजाची डागडुजी, जखमा भरून येणे, नवे मंत्र शिकणे, एखाद्या सरदाराच्या वाड्यावर भेटीसाठी तिष्ठणे, यांतले काहीही पंधरा दिवस सहज खाते आणि खेळाडूंना त्या काळात स्वतःची कामे उरकण्याची संधी मिळते. दुसरा मार्ग बातमीचा प्रवास लांबवण्याचा आहे: घाटात बर्फ साचले, साथीमुळे रस्ते बंद झाले, दोन राज्यांमध्ये युद्ध पेटले. हा मार्ग स्वस्त आहे, पण एकदाच वापरावा. दर महिन्याला घाट बंद पडू लागला की खेळाडू ओळखतात की हवामान नव्हे, गेम मास्टर अडचणीत आहे.

तरीही विसंगती आलीच, तर घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण निर्णयाचा निकष एकच आहे: टेबलावर खेळाडूंना जे दिसले ते घडले, जे कोणालाही दिसले नाही ते अजून मोकळे आहे. वर सांगितलेल्या कोठारांच्या बाबतीत, पहिल्या गटाने त्या पंधरा दिवसांत धान्याचा भाव विचारलाच नसेल तर विसंगती कुठे आहे? भाव चढलेलेच होते. पात्रांनी लक्ष दिले नाही. त्यांनी भाव विचारला असेल आणि तो नेहमीचाच निघाला असेल, तर ताम्रगडाकडे स्वतःचा साठा होता आणि तो दिवस 61 ला संपला. बातमी दहा दिवसांत येते, टंचाईला त्याहून वेळ लागतो. या निकषामुळेच नोंदवहीत ‘कोणी पाहिले’ हा रकाना ‘काय घडले’ याच्याइतका महत्त्वाचा ठरतो. आणि दुसऱ्या गटाला ‘कोठारे काही केल्या पेटत नाहीत’ असे सांगून हात झटकणे हा सर्वांत वाईट तोडगा आहे. फार तर फासे टाकण्याआधी उघडपणे सांगावे की ही इमारत नंतरच्या काळात शाबूत असल्याचे पहिल्या गटाने पाहिले आहे. समंजस खेळाडू ते हसून मान्य करतात. फासे पडल्यानंतर पळवाट काढलेली मात्र कोणीही विसरत नाही.

काळाचा हिशेब बसला की पुढचा प्रश्न उरतो तो गटांच्या नजरेआड जग हालवायचा. यासाठी फॅक्शन, म्हणजे सत्तेसाठी किंवा एखाद्या हेतूसाठी झटणारे संघ, हेच सर्वांत उपयोगी पडतात. केव्हिन क्रॉफर्ड यांच्या 2010 सालच्या ‘स्टार्स विदाउट नंबर’ या खेळामध्ये फॅक्शनांच्या स्वतःच्या चालींसाठी वेगळी व्यवस्था दिली आहे, आणि जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळामधली घड्याळे, म्हणजे भागांत विभागलेली आणि घटनेगणिक भरत जाणारी वर्तुळे, या कामासाठी फारच सोयीची आहेत. तीन गटांच्या जगाला चार-पाच फॅक्शन पुष्कळ झाले. प्रत्येकाला एक इच्छा आणि सहा भागांचे एक घड्याळ द्या. खेळातला महिना संपला की प्रत्येकाचा एक भाग भरा किंवा का भरला नाही ते लिहा. मीठ व्यापाऱ्यांच्या संघाला बंदराचा ताबा हवा आहे असे समजा. पहिल्या गटाने पूल जाळल्याने डोंगरातला मीठमार्ग तुटला, व्यापाऱ्यांची सारी भिस्त बंदरावर आली आणि त्यांचे घड्याळ दोन भाग पुढे गेले. दुसऱ्या गटाला यातले काहीही ठाऊक नाही. त्यांना एवढेच दिसते की व्यापाऱ्यांची माणसे अचानक गोदीवर दादागिरी करू लागली आहेत. त्यांनी एका मुकादमाला पळवून लावले की घड्याळ एक भाग मागे येते. दोन गट एकाच शत्रूशी लढत आहेत, आणि त्यांना ते कदाचित वर्षभर कळणारही नाही. माझ्या मते जोडलेल्या कॅम्पेनचे खरे सुख इथे आहे.

मात्र कळण्याचा क्षण यावा अशी सोय करावी लागते, आणि ती अफवांनी करावी. दुसऱ्या गटाच्या कानावर पहिल्याच्या पराक्रमाचे अधिकृत वृत्त घालू नका. पूल जळाल्याची बातमी बंदरात तीन रूपांत येऊ द्या: खलाशी म्हणतात बंडखोरांनी जाळला, व्यापारी म्हणतात नाकेदाराने लाच लपवण्यासाठी स्वतःच पेटवला, आणि एक गाडीवाला शपथेवर सांगतो की हिरव्या झग्यातली एक लंगडी बाई आगीतून चालत बाहेर आली. पहिल्या गटातल्या जादूगारणीचा झगा हिरवा आहे आणि ती लंगडते. तिन्ही रूपांत एक तरी तपशील खरा असावा आणि तो पडताळून पाहता यावा. खेळाडू खऱ्या आयुष्यात एकमेकांचे मित्र असतील तर ते कधी ना कधी बोलतीलच. बोलू द्यावे.

एका बाबतीत मात्र मी कठोर आहे. एका गटाचा मुख्य वैरी, त्याचे मूळ गाव किंवा त्याच्या पात्राचे हरवलेले भावंड दुसऱ्या गटाने परस्पर निकालात काढता कामा नये. प्रत्येक गटासाठी अशा दोन-तीन गोष्टी राखीव ठेवा आणि त्यांची यादी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुसरा गट त्यांच्याजवळ येऊ शकतो, त्यांना धक्का देऊ शकतो, परिस्थिती बिघडवूही शकतो; शेवट करू शकत नाही. महिनोन्‌महिने ज्या सरदाराचा पाठलाग केला तो मागच्या शनिवारी दुसऱ्या टेबलावर मारला गेला, असे ऐकावे लागणाऱ्या खेळाडूला जगाच्या वास्तवतेचे कौतुक ऐकवून उपयोग नाही. काही अनुभवी गेम मास्टर या नियमाला लबाडी म्हणतात. त्यांच्या टेबलावर तो न पाळूनही चालत असेल, तर तिथल्या खेळाडूंनी ती स्पर्धा आधीच कबूल केलेली असते.

दोन गटांत खेळणाऱ्या खेळाडूंविषयी थोडक्यात: एकाच खेळाडूच्या दोन पात्रांत सोने, वस्तू किंवा गुपिते यांची देवघेव होऊ नये, एवढा एक नियम पहिल्या दिवशी सांगितला की पुरे.

जग एकाहून अधिक गेम मास्टर चालवत असतील तर अधिकारांची वाटणी हा प्रश्न सर्वांआधी सोडवावा लागतो. याचा मोठ्या प्रमाणावर झालेला प्रयोग म्हणजे 2000 ते 2008 या काळातली ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ ही कॅम्पेन. तिच्यात खेळातल्या जगाचे प्रदेश खऱ्या जगातल्या प्रदेशांशी जोडले होते आणि प्रत्येक प्रदेशाची जबाबदारी तीन स्वयंसेवकांच्या मंडळाकडे असे. पात्रांना काय मिळाले त्याच्या कागदी नोंदी पात्राबरोबर टेबलाटेबलावर फिरत. एवढ्या मोठ्या यंत्रणेची घरगुती खेळाला गरज नसते, पण तिच्यातला मूळ विचार उचलण्याजोगा आहे: प्रदेश ज्याचा, त्यातला शब्दही त्याचा. दुसऱ्याच्या प्रदेशात पात्रे नेण्यापूर्वी विचारावे, आणि राजा, देव, चलन किंवा नकाशा यांत बदल करायचा असेल तर सर्वांची संमती घ्यावी. 1987 साली निघालेल्या ‘आर्स मॅजिका’ या खेळाने एकाच टेबलावर आळीपाळीने कथा चालवण्याची पद्धत रुळवली, तुमच्या खेळाडूंपैकी कोणाला हात आजमावायचा असेल तर जगाचा एखादा दूरचा कोपरा त्याच्याकडे सोपवून ही सुरुवात करता येते.

सर्व गटांच्या एकत्रित सेशनाची हौस प्रत्येकाला असते. दहा खेळाडू एका टेबलावर लढायला बसले आणि प्रत्येकाच्या पाळीला तीन मिनिटे लागली, तर एका पाळीनंतर दुसरी यायला अर्धा तास जातो. सोहळा कंटाळवाणा व्हायला तेवढे पुरते. त्यापेक्षा प्रत्येक गटातून दोघे प्रतिनिधी एखाद्या तहाच्या वाटाघाटीला बसवावेत आणि लढाई आपापल्या टेबलावर लढावी, एकाच घटनेच्या दोन बाजू म्हणून. असे सेशन ठरवले तर त्याआधी दोन्ही गटांच्या तारखा तंतोतंत जुळवाव्या लागतात, कारण समोरासमोर बसलेल्यांत बातमीचा प्रवास शून्य दिवसांचा असतो.

नोंदींच्या ओझ्याविषयी तुमची धास्ती रास्त आहे, पण तिचे मूळ बहुधा चुकीच्या नोंदींत आहे. राजघराण्यांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा यांनी भरलेला विकी लिहायला आनंद देतो, आणि तो त्या आनंदासाठी जरूर लिहावा; कॅम्पेन जोडण्याच्या कामी तो जवळजवळ निरुपयोगी असतो. सेशन संपल्यावर, त्याच रात्री, नोंदवहीत पाच ते दहा ओळी, एवढेच काम अनिवार्य आहे. पुढच्या सेशनाच्या तयारीला बसताना त्या गटाच्या मुक्कामाचा रकाना चाळावा आणि तिथे आता कोणत्या बातम्या पोहोचल्या आहेत ते पाहावे. यासाठी साधी स्प्रेडशीट उत्तम, कारण ती दिवसक्रमांकाने आणि ठिकाणानेही लावता येते.

राहिला तुमचा तिसरा गट. त्याला दिवस 60 पासून सुरू करा. मागच्या तारखेला सुरू केलात तर मागे राहिलेला आणखी एक गट सांभाळावा लागेल. त्याला ताम्रगड आणि सातदिवे या दोन्हींपासून दूर ठेवा, बातमी यायला वीसेक दिवस लागतील इतके. पहिल्या सेशनात जुन्या गटांची केवळ एक खूण दिसू द्या, तीही अर्थ न सांगता: बाजारात आलेल्या मिठाच्या गोणीवर नव्या मालकाचा शिक्का, किंवा डोंगराकडून आलेले आणि परत जायला तयार नसलेले एखादे कुटुंब. नव्या खेळाडूंनी चौकशी केली तर धागा हाती लागतो, नाही केली तर काही बिघडत नाही. आणि पुढे कधी पहिल्या गटाची कॅम्पेन संपली, तर त्या पात्रांना जगातल्या मंडळींत सामावून घेण्याआधी ज्याच्या त्याच्या खेळाडूला दोन प्रश्न विचारून उत्तरे त्याच वहीत लिहून ठेवा: हे पात्र आता कुठे राहते, आणि कोणती गोष्ट ते काही झाले तरी करणार नाही.